तीस मीटर पाण्याची किंमत



गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे, तो म्हणजे माझी लेन्स. डोळ्यातली नव्हे, कॅमेऱ्याची. (डोळ्यातल्या लेन्सचा विषय तीन वर्षांपूर्वीच निकालात निघाला. त्याबद्दलही पुढे सांगणार आहे.) फोनवर जो तो विचारतो, "मग, घेतली का?" म्हटलं, एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला पक्षी बघायचं वेड लागलं. आधी नुसती दुर्बीण होती. मग मुलाने कॅनन २००डी हा कॅमेरा आणून दिला. त्याच्याबरोबर दोन लेन्स आल्या, त्यातली लांबचं टिपणारी ५५-२५० मिलिमीटरची. वजन चारशे ग्रॅमच्या आत. पिशवीत भाजीबरोबर बसेल एवढी! तिने मला पुष्कळ दिलं. अंगणातला शिंजीर, तारेवरचा वेडा राघू, गोदाकाठचा खंड्या, सगळे तिच्यातूनच आले.

अडचण येते ती नांदूर मध्यमेश्वरला. नाशिकपासून साधारण चाळीस किलोमीटर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला, गाळ साचत गेला, पाणी उथळ पसरलं, वनस्पती माजल्या आणि पक्ष्यांना आयतंच घर मिळालं. १९८६ साली ते अभयारण्य झालं आणि २०२० साली रामसर यादीत गेलं. महाराष्ट्रातलं ते पहिलंच रामसर स्थळ. हिवाळ्यात तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, चमचे, चित्रबलाक... किती नावं सांगू! चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, त्यावर बसून बघायचं. पण पक्षी काही मनोऱ्याखाली येऊन बसत नाहीत. ते आपले लांब, पाण्याच्या मध्यावर.

आता थोडं गणित. मी मराठीची बाई, पण लहान शाळेत सातवीला गणितही शिकवलेलं आहे, तेव्हा घाबरू नका, साधं त्रैराशिक आहे. समजा ६० सेंटिमीटर लांबीचं बदक ८० मीटरवर बसलंय. २५० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर पडते जेमतेम पावणेदोन ते दोन मिलिमीटरची. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सव्वाबावीस मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे बदकाने चौकटीचा बारावा हिस्सा व्यापला. बाकी अकरा हिस्से पाणी! तीच लेन्स ४०० मिलिमीटरची असेल तर प्रतिमा तीन मिलिमीटरची होते, म्हणजे सातवा हिस्सा. लांबी १.६ पट, आणि क्षेत्रफळ अडीच पटीहून थोडं जास्त.

पण याच गणितातून मला एक वेगळी गोष्ट सापडली. माझ्या जुन्याच लेन्सने मी ८० ऐवजी ५० मीटरवरून फोटो काढला तरीही प्रतिमा तीन मिलिमीटरचीच होते. म्हणजे मोठी लेन्स मला देणार काय, तर तीस मीटर! ज्या तीस मीटरांत पाणी आहे, चिखल आहे, आणि मी उतरले तर सगळा थवा उडून जाईल, ते तीस मीटर. पक्ष्याला न उठवता त्याच्याजवळ जाण्याची ती किंमत आहे. असा विचार केला की ती उधळपट्टी वाटत नाही.

आता किंमत. पक्षी टिपणारी मंडळी ज्या लेन्सचं नाव घेतात ती कॅननचीच, १०० ते ४०० मिलिमीटरची, २०१४ साली आलेली दुसरी आवृत्ती. दोन लाखांच्या घरात. ऐकूनच आमच्या ह्यांनी चष्मा काढून पुसला.

माझ्याकडे तेवढे पैसे नाहीत असं नाही. बँकेत ठेव आहे, पण ती आम्ही दोघांनी आजारपणासाठी बाजूला ठेवली आहे. तिला हात लावायचा नाही हे ठरलेलं आहे आणि ते मला मान्य आहे. दुसरी आहे ती माझी मोहनमाळ. दोन तोळ्यांची. चौथ्या वेतन आयोगाचा फरक हातात आला तेव्हा मी ती माझ्या पैशांतून केली होती. तेव्हा तोळा तीन हजारांच्या आसपास होता, आज लाखाच्या वर गेलाय. माळ गेली अकरा वर्षं लॉकरमध्ये आहे. शेवटची घातली ती भाचीच्या लग्नात.

"सोनं मोडून कॅमेऱ्याचं सामान?" हे म्हणाले.

"अहो, मोडून म्हणजे काय, ते काय पडून राहण्यासाठी केलं होतं?"

"अगं, सोनं अडीअडचणीला असतं. शिवाय सोनं वाढतं. तुझी लेन्स दुकानातून बाहेर पडली की उतरणार."

यात खोटं काहीच नव्हतं. सराफ घट धरणार हेही खरं. मी गप्प बसले. रात्री मात्र झोप येईना. ह्यांचं बोलणं लागलं नव्हतं. प्रश्न माझा मलाच पडला होता. ही माझी गरज आहे का हौस?

आणि तेव्हा मला डोळ्यातली लेन्स आठवली. तीन वर्षांपूर्वी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी दोन-तीन प्रकारच्या लेन्स सांगितल्या. एक साधी, लांबचं स्वच्छ दिसेल पण वाचायला चष्मा लागेल. दुसरी जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारी, महाग. मुलगा लगेच म्हणाला, "आई, सगळ्यात चांगली असेल ती घे, पैशांचं बघू नकोस." ह्यांनीही मान हलवली. मी साधीच घेतली, कारण वाचायला चष्मा लावायची सवय चाळीस वर्षांची होती. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की त्या लेन्सचा भाव कुणी काढला नाही, कारण ती गरज होती. आणि ही लेन्ससुद्धा बघण्यासाठीच आहे की! फक्त ती डोळ्याच्या आत होती आणि ही बाहेर आहे.

आपल्याकडे म्हण आहे, हौसेला मोल नाही. पण ती कुणाच्या हौसेला लागू, ते बघा. मुलाच्या मुंजीला, मुलीच्या लग्नाला, नातवाच्या वाढदिवसाला मोल नाही. तिथे सोनं मोडलं तरी कुणी विचारत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने स्वतःसाठी काही मागितलं की मात्र मोल निघतं, घसाराही निघतो. हे कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. मी स्वतःच मनातल्या मनात हा हिशोब करत होते म्हणून लिहिते.

मला एक पळवाटही होती. पलीकडच्या वाडीतल्या शाळेत मी अधूनमधून पक्ष्यांचे मोठे फोटो छापून घेऊन जाते. चौथीची पोरं "बाई, ह्याची चोच चमच्यासारखी का?" म्हणून भंडावून सोडतात. तेव्हा "मुलांसाठी घेतेय" असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं असतं. पण ते खरं झालं नसतं. मुलांना आहेत ते फोटो पुरतात. लेन्स मला हवी आहे, माझ्यासाठी. एवढं एक वाक्य स्वतःशी मोठ्याने म्हणायला मला तीन आठवडे लागले!

ते म्हणून झाल्यावर पुढचं सोपं झालं. नुसतं विकत घेण्याआधी वापरून बघावी, म्हणून एका माजी विद्यार्थ्याने ती मोठी लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आणून दिली. "बाई, जड आहे हां," असं तो दोनदा म्हणाला. तेव्हा मी हसले होते.

जड म्हणजे किती? लेन्स दीड किलोच्या वर आणि कॅमेरा साडेचारशे ग्रॅम, मिळून दोन किलो. दोन किलोची पिठाची पिशवी आपण सहज उचलतो. पण ती डोळ्यासमोर धरून, श्वास रोखून, उडत्या पक्ष्यामागे फिरवायची म्हटलं की वेगळंच प्रकरण. पहिली पाच मिनिटं मी राणी होते. दहाव्या मिनिटाला डावं मनगट बोलू लागलं. अर्ध्या तासाने ती लेन्स मनोऱ्याच्या कठड्यावर होती आणि मी तिच्याशेजारी.

पण त्या पाच मिनिटांत काय दिसलं ते सांगायलाच हवं. लांब चमच्यांचा थवा उभा होता. माझ्या जुन्या फोटोंत त्यांच्या चोची म्हणजे नुसत्या काळ्या पट्ट्या. ह्या लेन्समधून त्या काळ्या चोचीच्या टोकाची पिवळी कड स्वच्छ दिसली, चमच्याला हळद लागल्यासारखी. पुस्तकात वाचलेलं होतं, पण पहिल्यांदा मी स्वतः पाहिलं. ह्यांनाही मागच्या पडद्यावर दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खरंच की गं." त्या दिवसानंतर सोन्याच्या वाढत्या भावाचा विषय त्यांनी काढलेला नाही.

दुसरी गोष्ट अशी कळली की ही लेन्ससुद्धा सगळं करू शकत नाही. नऊ-साडेनऊ वाजले, ऊन तापलं, की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, डांबरी रस्त्यावर दुपारी दिसतं तशी. मग लेन्स कितीही महाग असो, पक्षी पाण्यात विरघळल्यासारखाच येतो. मोठी लेन्स तर ती थरथरही मोठी करून दाखवते. तिच्यावर उपाय एकच, पहाटे उठणं. आणि पहाटे उठून जी लेन्स उचलावीशी वाटेल तीच खरी आपली. जी बघून मनगट आधीच कुरकुरेल ती कपाटातच राहणार. म्हणजे मोहनमाळेसारखीच, लॉकर तेवढा बदलला!

लेन्स परत करायला गेले तेव्हा त्याच विद्यार्थ्याने तिसरा रस्ता दाखवला. कॅननचीच १००-४०० ची दुसरी एक लेन्स २०२१ साली आली आहे, वजन अवघं ६३५ ग्रॅम. मात्र ती माझ्या कॅमेऱ्याला बसत नाही, तिला आरशाशिवायचा नवा कॅमेरा लागतो. आर१० नावाचा एक आहे, बॅटरीसकट सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम. दोन्ही मिळून एक किलोच्या थोडं वर, म्हणजे मोठ्या जोडीच्या निम्मं. दुकानदाराने काढून दिलेला आकडाही एकट्या मोठ्या लेन्सपेक्षा खालीच आला.

तोटा आहेच. ४०० मिलिमीटरवर मोठी लेन्स जेवढा उजेड आत घेते, त्याच्या निम्माच ही घेते. म्हणजे पहाटेच्या झुंजुमुंजूच्या वेळी, नेमका पक्षी हालचालीत असताना, फोटो जरा खरखरीत येणार. भोवत्या नावाचा शिकारी पक्षी सकाळी पाणवनस्पतींवरून घिरट्या घालतो, त्याचे स्वच्छ फोटो मला कदाचित अर्धा तास उशिराच मिळतील. हे मी मान्य केलं आहे. खरखरीत फोटो चालेल, न काढलेला नको.

लेकीला फोन करून सांगितलं, कारण मोहनमाळ रीतीप्रमाणे तिची. ती म्हणाली, "आई, मी ती कधी घालणार आहे? तू तुझे पक्षी बघ. फक्त विकायच्या आधी गळ्यात घालून एक फोटो काढ." तो काल काढला. ह्यांनी, त्याच जुन्या लेन्सने. मान जरा तिरकी आली आहे, पण माळ छान दिसतेय.

उरलेल्या पैशांचं काय, असं विचारणारच तुम्ही. ते आजारपणाच्या ठेवीत जातील. ह्यांची अडीअडचण आणि माझी हौस, दोघांचा मान राहिला.

शुक्रवारी सराफाकडे जायचं आहे. नवा कॅमेरा हातात बसायला महिना तरी जाईल, तोवर अंगणातल्या शिंजिरावर सराव. थंडी पडली की चापडगावला. ज्यांना यायचं असेल त्यांनी आधी कळवा, पण एक अट आहे. पहाटे पाचला निघायचं, आणि चहाचा थर्मास तुम्ही धरायचा. माझे हात मोकळे हवेत.