पहिला दगड

खुनाच्या चित्रपटाविषयी या पानांतून काय लिहावे, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. तरीही फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ हा १९३१ चा जर्मन बोलपट पाहून आम्ही उभयता कित्येक दिवस अस्वस्थ होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

बर्लिन शहरात लहान मुलींचे खून होत आहेत. एल्सीची आई जेवणाचे ताट मांडून वाट पाहते, जिन्यात डोकावते, हाका मारते. खून पडद्यावर दिसतच नाही. घरंगळणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा एवढेच दिसते. आईबापांना तेवढे पुरते.

पोलीस नकाशावर वर्तुळे आखतात, बोटांचे ठसे तपासतात, अड्ड्यांवर छापे घालतात. त्यामुळे धंदा बसलेले चोर-दरोडेखोर भिकाऱ्यांना पहाऱ्यावर नेमतात. खुनी ओळखू येतो तो ग्रीगच्या एका सुरावटीवरून. तो ती शीळ घालतो आणि फुगे विकणारा एक आंधळा ती ऐकतो.

मग एका ओसाड कारखान्यात गुन्हेगारांचेच न्यायालय भरते. पीटर लॉर यांनी रंगविलेला खुनी गुडघे टेकून सांगतो की, हे कृत्य आपल्या हातून आवरत नाही. जमाव त्याचे प्राण मागतो. त्या आयांचा आक्रोश ऐकताना आमचेही मन जमावाकडे झुकले. पण अध्यक्षस्थानी बसलेल्यावरच मनुष्यवधाचे आरोप आहेत! पहिला दगड मारण्याचा अधिकार येथे कोणाला? अखेर पोलीस येतात आणि खुन्याला कायद्याच्या स्वाधीन करतात.

पुढचा इतिहास याहून दारुण आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असलेल्या लॉर यांना जर्मनी सोडावी लागली. १९४० साली नाझींनी याच कबुलीजबाबाचा तुकडा आपल्या ज्यूद्वेषी प्रचारपटात वापरला. नटाचा अभिनय हा साऱ्या समाजाविरुद्धचा पुरावा ठरविण्यात आला. जमावाला पुराव्याची चाड नसते, त्याला बळी हवा असतो.

चित्रपटाच्या शेवटी न्यायाधीश येतात, पण निकाल आपल्या कानी पडत नाही. शोकवस्त्रांतली एल्सीची आई एवढेच म्हणते की, याने आमची मुले परत येणार नाहीत. मुलांवर अधिक लक्ष ठेवायला हवे. सूडाची भाषा करण्याचा हक्क जिला सर्वांत जास्त होता, ती माउली इतरांची लेकरे जपा म्हणते. तिच्या शब्दांपुढे आम्हांला त्या जमावाची आरोळी फार थिटी वाटली.