कुरवाच्या चोचीतला घास



जानेवारीत घरची सगळी मंडळी बडनेऱ्याहून रेल्वेने मुंबईला आणि तिथून गाडीने दापोलीकडे गेलो. मुरूड, हर्णै, आंजर्ले असा चार दिवसांचा बेत होता. कौंडण्यपूरला राहणाऱ्या मला पाणी म्हणजे वर्धा नदी. तिला समोरचा काठ आहे. समुद्राला तो नाही, म्हणून पहिल्या दिवशी मी नुसती बघतच राहिले.

आपला सूर्यास्ताआधी जेवायचा नियम तिथे फार कामी आला. साडेपाचलाच डबे उघडून जेवण आटोपायचं. बाकीचे लोक भेळेच्या, भज्यांच्या गाड्यांवर असायचे, तेव्हा मी वही-पेन्सिल घेऊन वाळूत मोकळी! दिवसातला सगळ्यात सुंदर प्रकाश असा आयता मिळाला.

किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवेच्या थवे होते. हे आपल्याकडचे पाहुणे, थंडीपुरते दूर उत्तरेकडून येतात. तपकिरी डोक्याचा कुरव म्हणतात, पण हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं होतं, डोळ्यामागे फक्त गडद ठिपका उरतो. पाठ राखाडी, पाय लाल, पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पुन्हा पांढरे ठिपके. लेश्यांमधला कपोतवर्ण पाठशाळेत नुसता पाठ केला होता, तो तिथे पंखांवर पाहिला.

हर्णैला होड्या लागल्या की मासळीचा लिलाव होतो. आम्ही लांबूनच वळलो. पण एक कुरव चोचीत चकाकणारा मासा घेऊन अगदी डोक्यावरून गेला. पंख पूर्ण पसरलेले, मागे सुवर्णदुर्ग. तेच चित्र मनात बसलं.

घरी येऊन ते काढलं. मासा मात्र काढवेना. दर्शनाला जाते, व्रत पाळते, आणि माझ्याच हाताने जीव जाताना रंगवू? चोच रिकामीच ठेवली.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. आम्ही समुद्रावर सोबतच होतो, त्यामुळे लपवणार काय!

“काऊन वं, पाखराच्या तोंडातला घास काऊन काढला?”

“मासा होता ना आई. बरं नाही वाटलं.”

“मंग त्यानं खावं काय? वर्त तुले हाय, पाखराले नाही.”

मी गप्प झाले. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातलं पक्ष्यांचं रुग्णालय आठवलं. तिथे मांसाहारी पक्ष्यांना मुक्कामी ठेवत नाहीत, कारण मांस द्यायचं नाही. पण घारीलाही औषधपाणी करून सोडतात. स्वतःचा नियम मोडत नाहीत आणि घारीला दोषही देत नाहीत. मी मात्र माझा नियम पक्ष्यावर लादला होता, वर जे पाहिलं ते खोटं करून दाखवलं होतं.

मग वाटलं, माझं व्रत नेमकं कुठे लागतं? नजर हातातल्या ब्रशवर गेली. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचणारी मी, ब्रशवरची कधी वाचलीच नव्हती. कडक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. मुंगसाच्या केसांचे तर आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बेकायदा आहेत, तरी छुपे विकले जातात. जलरंगाच्या काही कागदांना जिलेटिनचा लेप असतो, काही रंगांत मध असतो. कारमाइन लाल किड्यांपासून होतो. आणि पंखांच्या टोकांना मी लावलेला आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग जाळलेल्या हाडांचा! माशाला हात लावायला कचरले, आणि हाडं खुशाल कालवली.

आता नायलॉनचे ब्रश घेतलेत. काळ्यासाठी लॅम्प ब्लॅक, तो काजळीचा असतो. कागद घेताना जिलेटिन आहे का, हे कंपनीला लिहून विचारते. रंगाच्या पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवते, मुंगी-चिलट पडू नये म्हणून. तुमच्या मुलांच्या रंगपेट्याही एकदा बघाच.

त्यानंतर तेच चित्र पुन्हा काढलं. या वेळी चोचीत मासा आहे, छोटासा, पांढऱ्या रंगाच्या दोन फटकाऱ्यांचा. देवघराच्या खोलीत नाही लावलं, ओसरीत लावलंय. पाहणारे पक्ष्याचं कौतुक करतात, सासूबाई मासा दाखवतात.

परवा नदीवर गेले होते. नदीसुरय पाण्यावर घिरट्या घालत होता, एकदम सूर मारून वर आला. इतकी वर्षं हे रोज घडत असणार. मी या वेळी मान वळवली नाही. मनातल्या मनात त्या माशासाठी णमोकार म्हटला आणि वही उघडली.