निर्लेखनाची यादी

परतूर तालुक्यातल्या आमच्या आष्टीत संगणकाची आणि पत्रकारितेची जी प्राथमिक पुस्तकं उरली आहेत, ती आता काढून टाकण्याच्या यादीवर आहेत. काही वाचनालयाच्या कपाटातली, काही बंद पडलेल्या संगणक क्लासमधून आलेली, काही घरांच्या माळ्यावरची. यादीत शेवटच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. 'कालबाह्य' असं लिहिलं की सगळी एका दमात निकालात निघतील. पण नवशिक्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाला एवढाच निकष लावणं मला पटत नाही. असं पुस्तक जुनं होणारच. बघायचं ते हे की, ते मिटल्यावर माणूस कुणाला न विचारता काय करू शकला, आणि त्यातलं किती त्याच्याजवळ राहिलं.

डॉसचं पुस्तक. कव्हर गेलेलं, शिवण शाबूत. पडद्यावर 'सी', पुढे दोन ठिपके, तिरकी रेघ, आणि त्यापुढे आज्ञा अक्षर न अक्षर बरोबर टाइप करायची. एमडी म्हणजे नवा कप्पा कर, सीडी म्हणजे त्या कप्प्यात जा, डीआयआर म्हणजे आत काय आहे ते दाखव. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि घरगुती यंत्रांखालचा डॉसचा पाया गेला. तरी या आज्ञा विंडोजच्या काळ्या चौकटीत आजही चालतात. खरा फायदा मात्र दुसराच होता. हे पुस्तक शिकलेल्या माणसाला पक्कं कळलं की प्रत्येक फाइल कुठेतरी असते, तिला पत्ता असतो, आणि पत्ता माहीत असेल तर ती उचलून दुसरीकडे ठेवता येते. आज हातात कितीतरी पट ताकदीचं यंत्र असलेल्या पोराला फोटो कुठे आहे विचारलं तर तो सांगतो, व्हॉट्सॲपमध्ये. फोन पाण्यात पडला की लग्नाचे फोटो, जमिनीची कागदपत्रं, दहावीची गुणपत्रिका सगळं एकदम जातं. हे पुस्तक यादीतून काढावं असं मी लिहिलं आहे.

छापील कळफलक. बऱ्याच पुस्तकांत मधल्या जोडपानावर असायचा, खऱ्या आकाराचा. २००५ नंतरच्या त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास लोडशेडिंग असे. क्लासची वेळ आणि वीज असण्याची वेळ जुळत नसे; जुळली तर एका यंत्रामागे तीन-चार मुलं. मग उरलेली मुलं त्या कागदी कळांवर बोटं ठेवून बसत. ए-एस-डी-एफ डाव्या हाताला, उजव्या हाताला जे-के-एल. पुस्तक कितपत उपयोगी हे ठरवायला आष्टीसारख्या गावात याहून चांगली कसोटी मला माहीत नाही: वीज गेल्यावर ते उघडता येतं का? पुण्या-मुंबईत लिहिलेल्या अनेक पुस्तकांनी वाचकासमोर यंत्र चालूच आहे असं धरलं होतं. 'आता अमुक ठिकाणी क्लिक करा, पडद्यावर काय येतं ते पाहा.' अंधारात ती पानं मुकी होती. कळफलकाचं पान अंधारातही कामाचं होतं. ते जोडपान बहुतेक पुस्तकांतून फाटलेलं आहे, म्हणजे वापरलेलं आहे.

टायपिंगच्या पुस्तकांनाही हेच लागू. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द, राज्य परीक्षा परिषदेची शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा. २०११ मध्ये गोदरेजचं टाइपरायटरचं उत्पादन थांबल्याची बातमी जगभर छापून आली, परीक्षाही पुढे संगणकावर गेली. पाठ मात्र तेच राहिले. मराठी टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेली बोटं आजही तहसीलबाहेर अर्ज टाइप करताना दिसतात.

मागच्या कव्हरला चिकटवलेला सीडीचा खिसा. आत सीडी आहे, पण ती वाचणारं यंत्र गावात शोधावं लागेल. त्याआधीच्या पुस्तकात फ्लॉपीवर एक अख्खं प्रकरण: १.४४ एमबी मावतात, लोहचुंबकाजवळ नेऊ नये, कोपऱ्यातली खिडकी सरकवली की लिहिलेलं पुसता येत नाही. आजच्या फोनमधला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. हे प्रकरण जाऊ द्यावं.

एमएस-सीआयटीचं पुस्तक. सगळ्यांत जास्त प्रती याच्या. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, २००१ मध्ये स्थापन झालं आणि लगोलग हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला. शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक यांची वेतनवाढ या प्रमाणपत्राला बांधली गेली, भरतीच्या जाहिरातीत ते मागितलं जाऊ लागलं. त्यामुळे पन्नाशीतले गुरुजी आणि त्यांचेच माजी विद्यार्थी एका बाकावर बसून माउस धरायला शिकले. मराठवाड्यातल्या खेड्यात एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रौढ माणसं पुन्हा शिकायला बसली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुस्तक मात्र परीक्षेसाठी वाचलं गेलं. प्रतींवरच्या पेन्सिलीच्या खुणा बघितल्या की कळतं: खुणा सगळ्या व्याख्यांवर आणि पर्यायी प्रश्नांवर आहेत. पत्र कसं लिहून छापायचं, हजेरीची बेरीज तक्त्यात कशी करायची, ही पानं कोरी, करकरीत. वेतनवाढ मिळाली आणि पुढे तीच बेरीज कॅल्क्युलेटरवर होत राहिली. ज्या एका प्रतीत तक्त्याच्या प्रकरणावर चहाचे डाग आहेत आणि समासात खताच्या पिशव्यांचा हिशेब मांडलेला आहे, ती मी बाजूला ठेवली आहे.

मराठीत लिहिण्याचं प्रकरण. यावर जरा थांबायला हवं, कारण इथे पुस्तकांची खरी परीक्षा झाली. सीडॅकचे डीव्हीबी फाँट, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, प्रत्येकाचा कळफलक वेगळा, आतली मांडणी वेगळी. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. आष्टीत टाइप केलेला मजकूर परतूरच्या यंत्रावर तो फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा होऊन उघडे. लोकांना वाटायचं, फाइल बिघडली. जवळजवळ सगळ्या पुस्तकांनी कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर उमटतं याचा तक्ता दिला आणि पुढे गेले. असं का होतं हे सांगायला एक परिच्छेद पुरला असता. युनिकोड आल्यावर हा घोळ मिटायला हवा होता, पण एक्सपीमध्ये मराठी आपोआप चालू नसायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर गुंतागुंतीच्या लिप्यांची एक चौकट टिचकवावी लागे, मग यंत्र विंडोजची मूळ सीडी मागे, मग बंद करून पुन्हा सुरू. ही पायरी ज्या पुस्तकात आहे ते एकच पातळ पुस्तक या कपाटात निघालं. त्या पानाचा कोपरा दुमडलेला, तेलकट. त्या एका पानामुळे किती जणांना आपल्या भाषेत पहिलं पत्र लिहिता आलं असेल, याची नोंद कुठल्याच नोंदवहीत नसते.

पेजमेकरची दोन पुस्तकं. २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची, तरी लग्नपत्रिका आणि साप्ताहिकं पुढे कित्येक वर्षं त्यावरच लागत होती.

संकेतस्थळांची यादी, परिशिष्ट म्हणून. कोरडी पानं. जिओसिटीज २००९ मध्ये बंद, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला. पत्त्यांची यादी देणारं पुस्तक छापखान्यातून निघतानाच शिळं व्हायला लागलेलं असतं. पासवर्ड कुणाला सांगू नका, हे वाक्य त्याच प्रकरणात तळटीप म्हणून आलं आहे. आज ओटीपी विचारून खातं रिकामं करणाऱ्यांच्या काळात ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असायला हवं होतं.

वार्ताहरांसाठी मार्गदर्शिका. शिक्का 'ता. परतूर, जि. परभणी' असा, म्हणजे पुस्तक १ मे १९८१ च्या आधी आलेलं. त्या दिवशी जालना जिल्हा झाला आणि परतूर परभणीतून इकडे आलं. (आष्टीला पत्त्याचं दुखणं कायमचंच. बीडला तालुक्याची आष्टी, वर्ध्याला शहीद आष्टी, गडचिरोलीत आणखी एक. टपालाने मागवलेलं पुस्तक इकडे नीट यायचं तर तालुका-जिल्हा ठळक लिहावा लागतो.) कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं, महत्त्वाचं आधी, कारण जागा कमी पडली तर उपसंपादक खालून कापतो. बातमीचं पाकीट एसटीच्या वाहकाकडे देताना त्यावर काय लिहावं. तारेने बातमी कशी पाठवावी: शब्दागणिक पैसे, म्हणून प्रत्येक शब्द तोलून. देशातली तारसेवा १५ जुलै २०१३ ला संपली. पण तारेचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं. फाफटपसारा काढायची इतकी चांगली तालीम दुसऱ्या कुठल्या पुस्तकात नाही. मुद्रितशोधनाच्या खुणांचा तक्ताही तसाच टिकलेला. तो फाडून भिंतीवर लावावा असा आहे.

आकाशवाणीसाठी लेखन शिकवणारी पुस्तिका, चोवीस-पंचवीस पानांची. लहान वाक्यं लिहा, लिहिलेलं मोठ्याने वाचा, जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा, आकडे गोल करा. परभणी केंद्र ऐकत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नसे. आता तालुक्यात हातात माइक घेऊन मोबाइलवर बातम्या देणारी कितीतरी तरुण मुलं आहेत, कष्टाळू आहेत, बस स्टँडपासून बंधाऱ्यापर्यंत सगळीकडे पोचतात. त्यांच्या हातात ही पुस्तिका पडली पाहिजे. ठेवावी.

आता जी पुस्तकं आहेत तशी ठेवता येणार नाहीत, ती. कायद्याचं प्रकरण असलेली.

पत्रकारितेच्या प्रत्येक मार्गदर्शिकेत नियतकालिक सुरू करण्याची रीत दिली आहे: १८६७ चा कायदा, दंडाधिकाऱ्यांसमोर घोषणापत्र, मग नोंदणी. तो कायदा १ मार्च २०२४ पासून गेला. त्या जागी २०२३ चा नवा कायदा आला, अर्ज ऑनलाइन झाला. जुन्या पानावर विसंबून निघालेल्या माणसाच्या खेपा फुकट जातील. हे नुकसान त्यातल्या त्यात लहान.

संगणकाच्या पुस्तकांतलं सायबर कायद्याचं परिशिष्ट अधिक घातक. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम तिथे ठसठशीत छापलेलं आहे: आक्षेपार्ह संदेश पाठवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका नोंदीसाठी अटक झाली. एकीने मुंबईच्या बंदबद्दल लिहिलं होतं, दुसरीने ते पसंत केलं होतं. त्यानंतर हे प्रकरण श्रेया सिंघल यांच्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. जुलै २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्यावर धक्का बसल्याचं म्हटलं. छापील पानाचा धाक किती टिकतो ते यातून दिसतं. जुनं बटण शिकलेल्या माणसाचं फार तर चार मिनिटं जातात. रद्द झालेलं कलम शिकलेला माणूस लिहायचं ते लिहीत नाही, बोलायचं ते बोलत नाही. या पुस्तकांसमोर मी 'परिशिष्ट फाडावे, मग ठेवण्याचा विचार' असं लिहिलं आहे.

यादी इथवर येते आणि पुढे पुस्तकच नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतलं, मोबाइलवर काम कसं करायचं हे मराठीत सांगणारं एकही पुस्तक कपाटात नाही. गरज मात्र कधी नव्हती एवढी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपवर करायची आहे, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून. सातबारा, पीक विमा, अनुदान, सगळं पडद्यावर. कपाशी-सोयाबीनचा पेरा बांधावर उभं राहून भरता आला पाहिजे, तर माणूस पुतण्याची वाट बघतो किंवा सेवा केंद्रावर पैसे देऊन बोटं उसनी घेतो. व्हिडिओ आहेत, पण ते पुढची पायरी दाखवेपर्यंत मागची निसटते, आणि रेंज नसेल तर तेही नाहीत. डॉसच्या पुस्तकाने विद्यार्थ्याला जेवढं स्वतःच्या पायावर उभं केलं, तेवढं आजच्या शेतकऱ्याला उभं करणारी पानं कुणी छापलेली नाहीत.

म्हणून यादीच्या शेवटी, जिथे नव्या खरेदीच्या सूचना लिहायची जागा असते, तिथे मी हे लिहून दिलं आहे. बत्तीस पानांची पुस्तिका, मोठा टाइप, खिशात मावणारी, ओल्या हाताने धरली तरी टिकणारा कागद. पहिल्या पानावर ओटीपी आणि पासवर्ड. मग नोंद कशासाठी करायची, न केल्यास सातबाऱ्यावर काय येतं. गट क्रमांक कुठे सापडतो. फोटो, फाइल फोनमध्ये कुठे साठते आणि तिची दुसरी प्रत कुठे ठेवायची. मराठी कळफलकाचं एक जोडपान. रेंज नसताना काय करता येतं, त्याचं वेगळं पान. मुखपृष्ठावर छपाईचा महिना आणि वर्ष. कायद्याची माहिती शिवलेल्या पानांत नको. सुटा कागद, कायदा बदलला की बदलता येईल असा.