सोळा रस्त्यांवरचा कॅमेरा

आडतीचा व्याप वाढला की कॅमेरा कपाटात जातो. कित्येक वर्षांनी तो हाती घेणाऱ्याने सकाळी लातूरच्या गंजगोलाईत उभे राहावे. १९१७ सालच्या या वर्तुळाकार पेठेतून सोळा रस्ते फुटतात. कुठे ऊन, कुठे सावली. पूर्वी छत्तीस चित्रांचा रोल पुरवून वापरावा लागे. ती काटकसर बोटांना अजून आठवते, आणि ते बरेच आहे. नांदेड जिल्ह्यात, देगलूरजवळच्या होट्टल येथे चालुक्यकालीन मंदिरावरील सुरसुंदरी तिरप्या उन्हातच उठून दिसतात. दुपारी दगड सपाट भासतो.

किल्लारीत मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भिंतींबरोबर भिंतींवरच्या तसबिरीही ढिगाऱ्यात गेल्या. म्हणून होट्टलला निघण्याआधी दुकानाच्या गादीवर बसलेल्या वडिलांचे छायाचित्र घ्यावे, खातेवही उघडी असतानाच.