ढालींच्या भिंतीसमोर

बॅटल, ईस्ट ससेक्स. रविवार.

१४ ऑक्टोबर १०६६ ला सॅक्सनांचा राजा हॅरॉल्ड ज्या लढाईत पडला, तिच्या उतारावर आज लुटुपुटूची लढाई टिपायला आलेय. जिंकलेल्या नॉर्मन विल्यमनं पुढं इथंच मठ बांधला, आणि त्याच्या भिंती आता प्रत्येक फ्रेममध्ये घुसतात. लढाईच्या दिवशी त्या नव्हत्याच! म्हणून दोरीपाशी बसकण मारून कॅमेरा वर रोखायचा, मागं नुसतं आभाळ.

नॉर्मन घोडेस्वार दौडत आले की शटर १/१००० ला. पण माझं मन रमलं ते सॅक्सनांच्या ढालींच्या भिंतीत. एकाच्या चिलखताच्या कड्या काखेपाशी गंजून तांबूस झालेल्या, हनुवटीवरून घाम ओघळतोय. उद्या हा गडी कुठल्यातरी कचेरीत बसेल. डोळ्यांतली धास्ती मात्र अस्सल. मनगटावरचं घड्याळ दिसलं की सगळं मुसळ केरात, ते वेगळं.

शेवटी मेलेले उठतात, टाळ्या पडतात आणि लोक कॅमेरे आवरतात. मला विचाराल तर खरे फोटो तिथंच मिळतात: नॉर्मन सॅक्सनाला हात देऊन उठवतो, दोघं हसतात. जाणार असाल तर कार्डात तेवढी जागा राखून ठेवा.