कोलोनच्या बंदरात सहा तास

वर्षातले आठ-नऊ महिने मी पाण्यावर असतो. पर्यटकांच्या एका मोठ्या जहाजावर लाँड्रीत कामाला आहे. चादरी, टॉवेल, गणवेश, दिवसरात्र हेच. घर मात्र जालन्याला, मस्तगडावर. आठ-आठ दिवस नळाची वाट पाहण्याचे दिवस आम्ही काढले आहेत. माय पहाटे उठून ड्रम भरायची. त्यामुळे कुठल्याही मुलखात उतरलो तरी माझी नजर आधी पाण्याकडे जाते.

कोलोन हे मध्य अमेरिकेतल्या पनामा देशाचे बंदर. दोन महासागरांमधली चिंचोळी जमीन खोदून काढलेला पनामा कालवा याच गावाजवळ समुद्राला मिळतो. सकाळी जहाज धक्क्याला लागले. प्रवासी बसमधून फिरायला गेले, मग आम्हा कामगारांची पाळी. प्रवाशांच्या तासभर आधी परत यायचे, ही अट. हातात सहा तास. आमची बहुतेक पोरे धक्क्यावरच वाय-फाय शोधून घरी बोलत बसतात. मीही तेच करतो. तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ; मुलगी जागी असते. त्या दिवशी फोन लवकर आटोपला आणि रत्नागिरीचा एक व गोव्याचा एक अशा दोघा सोबत्यांबरोबर पिवळी टॅक्सी केली. भाडे तिघांत.

गावाची रया गेलेली आहे. जुन्या लाकडी माड्या, तुटके कठडे, त्यावर वाळत घातलेले कपडे. आमचा ड्रायव्हर वयस्कर, काळा माणूस. देश स्पॅनिश बोलणारा, पण याचे नाव इंग्रजी. त्याचा पणजोबा बार्बाडोस बेटावरून कालवा खोदायला आला होता.

त्याने आम्हाला आग्वा क्लाराच्या टेकडीवर नेले. खाली गातून तळे, मैलोनमैल गोडे पाणी. कालवा समुद्रसपाटीला नाही. जहाज दरवाजांच्या हौदात घेतात, तळ्याचे पाणी आत सोडतात आणि एवढे अजस्र धूड पायरी-पायरीने २६ मीटर वर चढते. पंप एकही नाही, सगळे उताराच्या जोरावर. पण जुन्या हौदांतून एक जहाज पार झाले की सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्राला मिळते. २०१६ साली सुरू झालेल्या नव्या हौदांना बाजूला टाक्या आहेत, त्यांत साठ टक्के पाणी पुन्हा वापरतात. तरीही २०२३ मध्ये पाऊस कमी पडला आणि रोज जाणारी ३६ जहाजे २४ वर आणावी लागली. ते ऐकून मला मायचे ड्रम आठवले.

हे सगळे पाहताना ड्रायव्हर सहज बोलून गेला, "हे पाणी अडवणाऱ्यांना प्यायला नळ वेगळा होता."

१९०४ ते १९१४ या काळात अमेरिकेने हे काम केले, तेव्हा कामगारांचे दोन हजेरीपट होते. गोऱ्या अमेरिकनांचा 'गोल्ड', त्यांना पगार सोन्याच्या नाण्यात. बेटांवरून आलेल्या काळ्या मजुरांचा 'सिल्व्हर', त्यांना स्थानिक चांदीची नाणी, तीही थोडी. दुकान वेगळे, टपालाची खिडकी वेगळी, चाळी वेगळ्या. आणि पाण्याच्या नळावर पाटी, गोल्ड किंवा सिल्व्हर. रंगाचे नाव पाटीवर कुठेच नव्हते! सरकारी दप्तरात त्या दहा वर्षांतले ५,६०९ मृत्यू नोंदले आहेत. त्यांत सुमारे साडेचार हजार काळे मजूर. कालवा सुरू झाल्यावरही ही विभागणी पुढे अनेक वर्षे चालली. ड्रायव्हरच्या वडिलांनी सिल्व्हरच्या नळाचेच पाणी प्यायले. कालवा पनामाच्या ताब्यात आला तो १९९९ च्या ३१ डिसेंबरला.

मी त्याला महाडच्या तळ्याचे सांगितले. १९२७ साल, बाबासाहेब, ओंजळभर पाणी. माझे इंग्रजी लाँड्रीपुरते, त्यामुळे जरा अडखळलोच. गुरेढोरे पीत होती आणि आमच्या माणसांना मनाई होती, एवढे त्याला कळले. त्याने विचारले, "पाटी होती?" मी म्हणालो, "पाटीची गरजच नव्हती."

परतताना ऊन फार होते. त्याने वाटेत गाडी थांबवून थंड पाण्याची मोठी बाटली घेतली, तोंड लावून दोन घोट घेतले आणि मागे आमच्याकडे दिली. आम्ही तिघांनीही तोंड लावूनच प्यायले. वरून धार कुणी धरली नाही. अडीच वाजत आले होते, धक्क्याच्या फाटकावर आमच्या लोकांची रांग लागलेली होती.