पोटात घालणं आणि पोटात ठेवणं

पोलिसाला स्वभाव असतो, हे आपल्या लक्षातच येत नाही. खाकी चढवली की सगळे सारखेच दिसतात. सुलतान बाजारात राहून मात्र ते जवळून दिसतात, विशेषतः भाद्रपदात. आपलं दशलक्षण पर्व शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत, म्हणजे नेमके गणपतीचेच दिवस. आपण मंदिरात उत्तम क्षमेवर प्रवचन ऐकतो आणि बाहेर बंदोबस्तावरची माणसं चपलांच्या ढिगाशेजारी पाय बदलत उभी असतात.

आमच्या वरच्या मजल्यावर एका पोलिसाचं कुटुंब भाड्यानं राहतं. पूर्वी हा माणूस रात्री घरी आला की जिन्यापासून आवाज चढायचा. साहेबावर, गर्दीवर, रस्त्यात आडव्या लावलेल्या स्कूटरवर. दोन वर्षांत तो आवाज बंद झाला. मला वाटलं, निवळला असेल. बायको म्हणाली, “अब गुस्सा बी नहीं करते भाभी, वोइच डर लगता.” एखादी छळाची तक्रार घेऊन आलेली बाई असेल, तर पूर्वी तो तिच्या मुलांबद्दलसुद्धा घरी सांगायचा. आता म्हणतो, “आज एक फोर नाइंटीएट आई थी.” बाईचं कलम झालं.

क्रिस्टिना मास्लाख या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्नआउटची तीन लक्षणं सांगितली आहेत. मन रिकामं होणं, समोरचा माणूस माणूस न वाटणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. यातलं दुसरं मला सगळ्यात भयंकर वाटतं. दमलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो. पण हे झोपेनं जात नाही.

त्याच्याच ठाण्यातला एक मित्र कधी कधी येतो. ड्यूटी तीच, तास तेच. पण तो साहेबांची नक्कल करतो, पोट धरून हसवतो, सुट्टी मिळाली की कॅरम खेळतो. मनाला लावून घेणाऱ्या माणसाला या नोकरीचा ताण जास्त पोखरतो आणि गप्प राहून किंवा बाटलीत बुडवून तो कमी होत नाही, हे अभ्यासकही सांगतात. आपण मात्र चुपचाप सोसणाऱ्याला शांत म्हणून मोकळे होतो. क्षमा म्हणजे पोटात घालणं. हा सगळं पोटात ठेवतो. आपल्या बायकांना हा फरक सांगायला नको.

तरी “ज्याचा त्याचा स्वभाव” म्हणून विषय मिटवणं मला पटत नाही. 2019 साली देशभरातल्या पोलिसांच्या पाहणीत सरासरी 14 तासांची ड्यूटी निघाली. चौदा तासांपुढे कसला स्वभाव टिकणार? मुंबईत देवनार ठाण्याचे शिपाई रवींद्र पाटील यांनी कुढत न बसता आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील याचा आराखडा मांडला. आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी तो ऐकून घेतला आणि मे 2016 मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू केला. पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांत गेला. पाटलांचा स्वभाव धडपड्या, हे खरंच. पण समोर कान होता, हेही तितकंच खरं.

आपल्या तेलंगणात ऑक्टोबर 2024 मध्ये काय झालं? स्पेशल पोलिसांच्या बटालियनमधल्या शिपायांच्या बायका, काही जणी कडेवर मुलं घेऊन, रस्त्यावर बसल्या. नवऱ्यांच्या सततच्या बदल्या थांबवा, सगळ्या पोलिसांना एकच नियम लावा, एवढंच त्यांचं मागणं. मग शिपायांनीही आवाज उठवला. 39 जण निलंबित झाले, 10 जणांना बडतर्फ केलं. हे पाहिल्यावर कुठला शिपाई तोंड उघडेल? मग त्याच्या गप्प बसण्याला आपण स्वभाव म्हणायचं.

त्या दिवसांत मी वरच्या बाईला याबद्दल विचारलं. तिनं आधी जिन्यात कोणी नाही ना, ते वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “हम बटालियनवाले होते तो मैं बी जाके बैठती थी भाभी. इनकू मत बोलो.”